कागदीपुऱ्यापासून मुंढव्यापर्यंत : बंद गिरण्यांच्या वाटेवर

व्यापाराच्या पानावर पायी फिरण्याची हकीकत कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, चालू दुकानावरून माणसाची पत कळते, पण धंद्याचा खरा हिशेब दुकान बंद झाल्यावरच समोर येतो. देणे किती उरले, यंत्रे कोणी नेली, जागा कोणाकडे गेली आणि हाताखालच्या माणसांचे काय झाले, हे प्रश्न चालू धंद्यात कोणी विचारत नाही. पुण्यात या प्रश्नांची उत्तरे एका सरळ वाटेवर पाहायला मिळतात. कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यातून निघावे, मुठेच्या कडेने संगमावर यावे, राजाबहादूर मिलवरून स्टेशनकडे वळावे, बंडगार्डनचा रस्ता धरावा आणि कोरेगाव पार्क मागे टाकून मुंढव्याला पोचावे. अंतर दहा-बारा किलोमीटर. मुंढवा आज शहरातच मोडतो, पण आमच्या लहानपणी ते खेडे होते. शेते, विहिरी आणि मध्येच कागदाची गिरणी असा तो मुलूख होता.

हिवाळ्यातल्या एका रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही निघालो. सोबत दोन स्नेही होते. एक सुताचे दलाल, दुसरे निवृत्त शिक्षक. शिक्षकांना इतिहासात रस, दलालांना भावात. त्यामुळे वाटेत वाद पुष्कळ झाला.

कागदीपुरा आज नावापुरता उरला आहे. कसबा पेठेत आता जमिनीखालून मेट्रो धावते आणि २०२४ साली तिथे स्टेशनही सुरू झाले. रिक्षावाल्याला कागदीपुरा सांगितला तर तो बरोबर नेतो, पण तिथे कागद कोण करत असे हे त्याला ठाऊक नसते. हे काम आपल्या मुस्लिम कागदी जमातीचे होते. जुन्नर हे त्यांचे जुने ठाणे, आणि तिकडे दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे. पुण्यात पेशव्यांचे राज्य वाढले, तसा दफ्तराला कागद लागू लागला, आणि कागदी लोकांची वस्ती नदीकाठी वसली. नदीकाठीच का, तर या धंद्याला पाणी भरपूर लागते.

कागद होत असे तो गोणपाट, सणाचे जुने दोर आणि चिंध्यांपासून. चिंधी म्हणजे आमच्या कापडवाल्यांचा शेवटचा माल. ताका फाडून उरलेले तुकडे आणि अंगावर झिजलेली बंडी कागदी मंडळींच्या हाती जाई. चुन्यात भिजवायचे, पायाने चालणाऱ्या लाकडी ढेकीने कुटायचे, नदीत धुवायचे, पुन्हा कुटायचे, असे कित्येक दिवस चालत असे. मग तो लगदा हौदात कालवून, गवताच्या काड्यांच्या चटईवर एकेक ताव उचलायचा. हे खरे हुनराचे काम. हात किंचित वाकडा झाला की ताव एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. खळ हा शब्द आमच्या धंद्यातलाही आहे. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, नाहीतर सूत मागावर तुटते. कापड आणि कागद हे असे चुलतभाऊ आहेत.

हा धंदा कसा गेला? यंत्राचा कागद स्वस्त पडला, हे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. पण नुसत्या यंत्राने एवढे झाले नसते. सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री होते. सरकारी कचेऱ्यांना लागणारा कागद विलायतेतून घ्यावा असा हुकूम त्यांच्याच कारकिर्दीत निघाला. कागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. तेच गिऱ्हाईक एका हुकुमाने उठून गेल्यावर कारागिराने जावे कुठे? एकाच गिऱ्हाइकावर ज्याचे दुकान चालते, त्याचा धनी तो स्वतः नसतो. ही गोष्ट आमच्या कापडात आजही दिसते. एकाच कंपनीला गणवेशाचे कापड पुरवणारे आमचे दोन-तीन ओळखीचे आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावे.

पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीत हातकागदाला पुन्हा हात मिळाला. १९४० साली पुण्यातच, शिवाजीनगरला, हातकागद संस्था निघाली. हुनर थोडे वाचले, पण कागदीपुऱ्यातली घराणी तोवर दुसऱ्या रोजीला लागली होती.

कुंभारवेशीवरून डेंगळे पुलाकडे आलो की नदी दिसते. पाण्याविषयी काही न लिहिलेले बरे. याच पाण्यात कागदाचा लगदा धूत असत, यावर आमच्या दलाल स्नेह्यांचा विश्वास बसेना.

संगमाचा पूल मागे पडला की थोड्याच वेळात राजाबहादूर मिलचा रस्ता लागतो. ही गिरणी १८९३ ची. पुढे हैदराबादच्या सावकारी घराण्यातील राजाबहादूर मोतीलाल यांचे नाव तिला मिळाले आणि गिरणी त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जागा कशी निवडली पाहा. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला नदी. पुण्याला रेल्वे १८५८ साली आली आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर मुंबईशी सरळ गाडी जोडली गेली. कापसाच्या गासड्या आणि बॉयलरचा कोळसा उतरवायला स्टेशन हाकेच्या अंतरावर, वाफेला पाणी शेजारी. त्या काळी गिरणी कुठे उभी करावी, हे कोळसा आणि पाणी ठरवत असे.

आज त्या आवारात माग नाहीत. जुन्या दगडी इमारती नीट राखल्या आहेत हे मात्र कबूल केले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी अशा भिंती पहिल्या महिन्यातच पडतात. आत आता हॉटेले आहेत, संध्याकाळी तरुण मंडळींची गर्दी होते, गाणेबजावणे चालते. काही ठिकाणी जे प्यायले जाते त्याचे नाव या पानावर घेण्याचे कारण नाही. आम्ही सकाळी गेलो तेव्हा झाडलोट चालू होती. उंच छपराखाली खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या.

गिरण्यांच्या बांधणीविषयी येथे थोडे सांगतो. विणकामाच्या शेडचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दातांसारखे असते. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. आपल्या मुलखात उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही, सारखा उजेड येतो. सावली न पडता उजेड मिळाला की तुटलेला धागा विणकराला लगेच दिसतो. एक धागा तुटून चार वार कापड विणले गेले तर ते कापड दुय्यम मालात जाते, आणि दुय्यम मालाचा भाव काय येतो हे आम्हाला विचारा. एवढा विचार करून बांधलेल्या शेडी गावोगाव आज गोदामे, हॉटेले आणि लग्नाची कार्यालये झाल्या आहेत. उजेड तोच आहे.

स्टेशनजवळ चहाला थांबलो. तिथे एक वयस्कर गृहस्थ भेटले. आमचे बोलणे ऐकून ते आपणहून सरकले. तरुणपणी मुंबईच्या एका गिरणीत साळखात्यात होते. गिरणीचे नाव लिहीत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी आत गेले नाहीत. हे त्यांपैकीच एक. वर्षभर वाट पाहून ते भिवंडीला गेले आणि यंत्रमागावर वारावर मजुरी करू लागले. बोलता बोलता त्यांनी दोन बोटांत नसलेला धागा धरून विणकराची गाठ मारून दाखवली. डोळा मिटेपर्यंत झाली. आमच्या दलाल स्नेह्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. पुन्हा तेवढाच वेळ.

गिरणीत तुमची हजेरी, फंड, सगळे होते, मग भिवंडीत काय होते, असे आम्ही विचारले. "तिथं कागद कुठं होता? मालक चांगला होता, ईदला कपडे द्यायचा. पण कागद नव्हता." कारखाना विकला गेला तेव्हा मालकाने हातावर काही ठेवले आणि सलाम करून निरोप दिला. किती ठेवले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

साळखाते म्हणजे विणकामाचा विभाग, आणि गिरण्यांतून या खात्यात आपल्या मोमीन बांधवांची संख्या मोठी असे. उत्तरेतले विणकर गेल्या शतकाच्या आधीपासून रोजीच्या शोधात इकडे येत राहिले. मुंबईचा मदनपुरा, भिवंडी, मालेगाव ही त्यांच्याच हातांनी नावारूपाला आली. पण या इतिहासाला एक काळी कडाही आहे. जुन्या धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात येऊ देत नसत. आणि मजुरी तिथेच जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. बरोबरीचा दीन मानणाऱ्या आपल्या माणसांनी त्या वेळी शेजारच्या सांच्यावर या भावांना जागा द्या असे किती ठिकाणी म्हटले असेल? शिक्षक स्नेह्यांनी हा प्रश्न टाकला आणि चहा थंड झाला.

कौन्सिल हॉलपाशी पेशवे दफ्तर आहे. इथे थांबण्याचा बेत नव्हता, पण शिक्षकांनी थांबवले. पेशवाईतील हजारो रुमाल या दफ्तरात आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. आतला कागद कागदी लोकांनी केलेला, बाहेरचे कापड कोणा साळ्याने विणलेले. कागद करणाऱ्याची ढेकी गेली, हौद गेला, मोहल्ल्यातली वस्ती बदलली. पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्याने घोटलेला ताव आजही वाचता येतो, आणि जमिनीच्या जुन्या वादात लोक अजून त्याचा दाखला काढायला येतात. ज्यांच्या कागदावर साऱ्या मुलखाचे हक्क लिहिले गेले, त्या कारागिरांची स्वतःची नावे मात्र कुठे शोधावीत?

बंडगार्डनला पूर्वी नदीवर जो बंधारा झाला तो १८५० चा. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. त्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, म्हणजे कापूस आणि अफूची. अफूच्या पैशाचे आम्ही समर्थन करणार नाही. तहानलेल्या छावणीला आणि गावाला पाणी मिळाले हेही खरे. फतवा देणे आमचे काम नव्हे, आम्ही पुढे निघालो.

कोरेगाव पार्कच्या वडांच्या सावलीतून घोरपडी ओलांडून मुंढव्याला पोचायला तास-दीड तास लागतो. येथे १८८५ साली डेक्कन पेपर मिल्स कंपनी स्थापन झाली. त्याच साली मुंबईचे गव्हर्नर म्हणून आलेले लॉर्ड रे यांच्या नावाने ही गिरणी रे पेपर मिल म्हणून ओळखली जाई. ज्या यंत्राच्या कागदाने कागदीपुरा बसला, ते यंत्र आपल्याच गावात आले ते असे. त्या काळच्या कागद गिरण्याही चिंध्या, गवत आणि गोणपाटावरच चालत. माल तोच, फक्त ढेकीच्या जागी बॉयलर. आणि आता तोही गेला.

आत शिरण्याचा आमचा हक्क नाही, म्हणून जे पाहिले ते रस्त्यावरून. अशा बंद जागा पाहायला जाणाऱ्या तरुणांनाही आमचे हेच सांगणे आहे. भिंत चढून जाऊ नये. एक तर ती दुसऱ्याची मिळकत, आणि दुसरे, जुनी छपरे सांगून पडत नाहीत.

या कंपनीच्या मुंढव्यातील जमिनीची पुढची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात छापलेली आहे. जमिनीचा काही भाग विकसित करण्यासाठी २००४ साली करार झाला, तो पुढे दुसऱ्या विकासकाकडे गेला, कंपनीने करार रद्द ठरवण्यासाठी दिवाणी दावा लावला. हा वाद कोर्टाने ऐकायचा की लवादाने, एवढाच प्रश्न दिल्लीपर्यंत गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लवादाकडे जाऊ शकतो असे ठरवले. म्हणजे सोळा वर्षांनी फक्त वाद कुठे चालावा हे ठरले. कोण बरोबर, कोण चूक हे आम्ही सांगत नाही. व्यापाऱ्याने यातून पाहायचे ते हे की, कागद करणाऱ्या गिरणीचा शेवटचा व्यवहार कागदाचा राहिला नाही, जमिनीचा झाला.

इथेच आमच्या दोघा स्नेह्यांचे जुंपले. दलाल म्हणाले, यात वाईट काय? ज्या जागेवर कापड तोट्यात जाते तिथे घरे बांधून नफा होत असेल तर पैसा तिकडे जाणारच. शिक्षक म्हणाले, मग कामगाराचा वाटा कुठे? आमचे मत दोघांच्या मधले आहे. जमीन महाग होणे हा कोणाचा गुन्हा नाही. पण जमिनीचा भाव कापडाच्या नफ्यापेक्षा वर गेला की मालकाचे लक्ष मागावरून उडते. नवे यंत्र घेतले जात नाही, जुने दुरुस्त होत नाही, आणि मग गिरणी तोट्यात आहे असे सांगितले जाते. आम्ही बाजारात बसून हे पाहिले आहे. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग ठरवले होते. एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असे झाले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. शहराचा आणि घरांचा वाटा आकसला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज लाखाच्या वर गेले होते, आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती सात हजारांहून कमी.

याच मुंढव्यात भारत फोर्जचा कारखाना आहे, १९६१ ची कंपनी. एकाच गावच्या मातीत एक धुराडे थंड आणि दुसरीकडे भट्टी चालू. लोखंडाला बाजार होता आणि कागदाला नव्हता असे नाही. ज्याने माल बदलला, गिऱ्हाईक देशाबाहेरही शोधले, त्याची जमीनही महागच झाली, पण त्याला ती विकावी लागली नाही.

आमच्या वाचकांत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे छोटे कारखानदार पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे दोन-चार डझन यंत्रमाग असतात आणि हजेरीचे रजिस्टर बहुधा नसते. कायदा काय म्हणतो ते ऐका. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी मोडीत निघाली की कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने धरले, आणि भविष्यनिर्वाह व ग्रॅच्युइटीचा निधी तर लिलावाच्या मालमत्तेबाहेरच ठेवला. हा चांगला कायदा आहे. पण त्याचा उपयोग ज्याचे नाव कागदावर आहे त्याला. स्टेशनवर भेटलेल्या त्या गृहस्थांना नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असे सविस्तर फर्मान आहे. आपण ते मालाच्या उधारीला लावतो. मजुराची मजुरी महिनाभर मालकाकडे राहते, ती उधारी नव्हे तर काय?

वारसांचेही तसेच आहे. शरीअतने प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलींचाही. तरी कारखाना थोरल्या भावाच्या नावे, जागा वडिलांच्या, वीजमीटर चुलत्यांच्या, असे चालू राहते. एक दिवस जमिनीला भाव येतो आणि सात भाऊबहिणी कोर्टात उभे राहतात. तोवर कारखान्याला कुलूप. काही वर्षांपूर्वी अशाच एका बंद कारखान्याचा लिलाव आम्ही पाहिला. सांचे किलोवर गेले. धोटे पोत्यांत भरून गेले, आणि त्यांतलेच काही पुढे एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात, पॉलिश करून, मेणबत्ती लावायला म्हणून मांडलेले दिसले. तिथे एका धोट्याची किंमत अख्ख्या सांच्याच्या एका किलो लोखंडापेक्षा किती पट होती, हे दलाल स्नेह्यांनी लगेच तोंडी काढले.

परतीला मुंढव्याहून पुणे स्टेशनची बस धरली. ज्यांना ही वाट चालायची असेल त्यांनी रविवारी सकाळी सातच्या आत निघावे. दहानंतर वाहतूक वाढते आणि मुंढव्याच्या रस्त्यावर चालायला जागा राहत नाही.

एक विनंती आहे. पुणे, जुन्नर किंवा दौलताबादच्या कागदी घराण्यांपैकी कोणाकडे ताव उचलण्याची चटई, घोटण्याचा दगड, ढेकीचा एखादा भाग असेल, किंवा गिरणीत काम केलेल्या वडीलधाऱ्यांचे हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, बिल्ला असेल, तर तो रद्दीत किंवा भंगारात देऊ नये. या पानाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवावे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या जागा आहेत, तिथे विचारणा करण्याची खटपट आम्ही करू. वस्तू द्यायची नसेल तर निदान कोणाचे हात त्यावर चालत होते ते नाव आणि साल लिहून वस्तूबरोबर बांधून ठेवावे.